जर्मनीतलं लायसन, दंडाचा जिना आणि पिवळं पाकीट

भारतातलं लायसन जर्मनीत किती दिवस चालतं, याबद्दल श्टुटगार्टच्या मराठी मंडळींत प्रत्येकाचं वेगळं मत. कुणी म्हणे वर्षभर, कुणी म्हणे इंटरनॅशनल परमिट असलं की कितीही. खरं उत्तर आहे सहा महिने. इथे राहायला आल्यापासून सहा महिने, तेही मूळ लायसनसोबत त्याचा जर्मन अनुवाद असेल तर. पुण्याच्या आरटीओतून काढून आणलेलं परमिट असलं तरी ही मुदत वाढत नाही. लायसन आहे पण घरी राहिलं, तर दहा युरो दंड. मुदत संपल्यावर गाडी चालवली तर मात्र तो विनापरवाना गाडी चालवण्याचा फौजदारी गुन्हा, आणि कायद्यात त्याला वर्षभरापर्यंत कैद लिहिलेली आहे. दहा युरो आणि कैद यांच्यामधलं हे अंतर मला सुरुवातीला अजब वाटलं. पुढे कळलं की इथली सगळी दंडव्यवस्था अशीच विचार करून रचलेली आहे, आणि ती नीट वाचली तर नियम पाठ करायची फारशी गरजच उरत नाही.

चाकण-पिंपरीच्या गाड्यांच्या धंद्यातून इकडे आलेली माणसं श्टुटगार्टला पुष्कळ. शिवाय १९६८ पासून मुंबई आणि श्टुटगार्ट ही भगिनी-शहरं आहेत. पण लायसनच्या खिडकीवर या नात्याचा काडीचा उपयोग होत नाही. जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड, अमेरिकेतली काही राज्यं अशी एक यादी आहे. तिथल्या लोकांना लायसन परीक्षेशिवाय किंवा थोड्या परीक्षेवर बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. म्हणजे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा आल्या. सवलत एवढीच की नवशिक्यांना सक्तीच्या असलेल्या हायवेच्या आणि रात्रीच्या बारा तासिका आपल्याला सक्तीच्या नसतात. मास्तर म्हणतील तेवढ्याच घ्यायच्या. तासिका पंचेचाळीस मिनिटांची आणि तिचे साठ-सत्तर युरो, म्हणून मास्तर काय म्हणतात याकडे सगळ्या घराचं लक्ष असतं.

कागदपत्रांत फार वेळ घालवत नाही. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून घेतले, फोटो काढला, अनुवाद करून घेतला आणि प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग केला. त्या वर्गात माझ्याभोवती सगळी सतरा-अठरा वर्षांची मुलं. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं आणि मोटारसायकलवाल्याचं हेल्मेट मान न हलवता कसं काढायचं, हे तिथे हाताने करून घेतात. इथे अपघात दिसल्यावर मदत न करता पुढे निघून जाणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे हा वर्ग उगाच ठेवलेला नाही.

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. जर्मन सोडून आणखी बारा भाषा आहेत, तुर्की आणि अरबीही आहे, हिंदी नाही. तीस प्रश्न असतात आणि चुकीला दोन ते पाच गुण कापतात. दहा गुणांपर्यंत चुका माफ. पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की बेरीज दहाच होत असली तरी नापास. पाच गुणांचे प्रश्न म्हणजे जिथे चुकलं तर माणूस मरतो ते. कुणी आधी जायचं, दारू, अंतर, मुलं. काही प्रश्न व्हिडिओचे असतात. व्हिडिओ पाच वेळा बघता येतो, पण प्रश्न उघडला की मागे जाता येत नाही. अभ्यासाला बसले तेव्हा वाटलं होतं की चिन्हं पाठ केली की झालं. निम्म्याहून अधिक प्रश्न मात्र ‘इथे तुम्ही काय गृहीत धराल?’ या धर्तीचे. रस्त्यावर चेंडू आला की मागून मूल येणार हे गृहीत धरा. बस थांब्यावर धोक्याचे दिवे लावून उभी असेल तर तिच्याजवळून चालण्याच्या वेगाने जा, समोरच्या दिशेने येत असलात तरीही.

त्या अभ्यासातलं एक गणित मला फार आवडलं. वेगाला दहाने भागा आणि तीनने गुणा, म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी किती मीटर जाते ते कळतं. वेगाला दहाने भागून त्याचा वर्ग करा, म्हणजे ब्रेक लागल्यावर किती मीटर जाते ते. ताशी ३० च्या वेगाला नऊ आणि नऊ, अठरा मीटर. ५० ला पंधरा आणि पंचवीस, चाळीस मीटर. वेग दुपटीहून कमी वाढला आणि थांबायचं अंतर दुपटीहून जास्त. आमच्या गल्लीत ३० ची पाटी आहे. हे गणित केल्यापासून ती पाटी मला पालिकेची हौस वाटत नाही.

प्रत्यक्ष गाडी शिकवायला मिळालेले मास्तर साठीच्या घरातले, मोजकं बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला हायवेवर वगैरे नेलं नाही. आमच्याच वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये फिरवलं. तिथे सिग्नल नाही, पाटी नाही, पट्टा नाही, आणि दर पन्नास मीटरवर एक चौक. अशा चौकात उजवीकडून येणारा आधी जातो. रेख्ट्स फोर लिंक्स. तुमचा रस्ता रुंद असो, सरळ असो, तुम्ही घाईत असा. उजव्या बोळातून सायकलवर एखादं पोर आलं तरी मान त्याचा. पुण्यात अशा ठिकाणी आपण हॉर्न देतो आणि जो आधी नाक घालेल तो जातो. इथे वस्तीत हॉर्नला जागाच नाही, धोका असला तरच वाजवायचा. त्यामुळे प्रत्येक बोळाशी वेग कमी करून मान वळवून बघायचं, रिकामा असला तरी. मास्तर माझे हात बघतच नव्हते, माझी मान बघत होते. ‘तुम्ही बघितलंत हे मला दिसलं पाहिजे,’ ते म्हणाले. वळताना, लेन बदलताना, उभ्या गाडीतून निघताना खांद्यावरून मागे नजर टाकायची, त्याला शुल्टरब्लिक म्हणतात. आरसा पुरत नाही, कारण सायकलवाला नेमका आरशाला न दिसणाऱ्या जागेत असतो. परीक्षेत बाकी सगळं बरोबर असून केवळ ही मान न वळल्यामुळे नापास झालेल्यांच्या कथा इथल्या प्रत्येक भारतीय घरात आहेत.

डिपरचं तर फारच गमतीचं. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब.’ इथे गल्लीत समोरच्याने दिवे लुकलुकवले की बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘जा तू आधी.’ एका अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, समोरून एक बाई आल्या, त्यांनी दिवे लुकलुकवले. मी थांबले. त्याही थांबल्या. त्यांनी पुन्हा लुकलुकवले, मी आणखी मागे सरकले. मास्तर खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले, ‘त्या तुमच्यासाठी थांबल्या आहेत. त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवू नका.’

गावाबाहेर पडल्यावर आणखी एक गोष्ट कळली. गावाच्या नावाची पिवळी पाटी हीच वेगाची पाटी असते. नाव लागलं की पन्नास. त्याच नावावर लाल तिरकी रेघ दिसली की गाव संपलं, शंभर. मध्ये कुठेही आकडा लिहिलेला नसतो. आपण नवीन गावाचं नाव वाचतो, ‘काय बाई नाव आहे’ म्हणतो आणि सत्तरने आत शिरतो. कॅमेरा त्यापुढेच कुठेतरी असतो.

आउटोबानला, म्हणजे इथल्या हायवेला, वेगाची सरसकट मर्यादा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे १३० चा वेग सुचवलेला आहे, सक्तीचा नाही, आणि बऱ्याच पट्ट्यांवर मर्यादा असतेच. मला स्वतःला वेगापेक्षा अंतराचा नियम जास्त कडक वाटला. काट्यावर जो आकडा आहे त्याच्या निम्मे मीटर पुढच्या गाडीपासून सोडायचे; १३० ला ६५ मीटर. पुलावरून कॅमेरे हे अंतर मोजतात. शंभरच्या वर असताना या निम्म्याच्याही तीन दशांशाहून कमी अंतर ठेवलंत तर १६० युरो, दोन पॉइंट (नावावर जमा होणारे दोषगुण, त्यांच्याबद्दल पुढे सांगते) आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर एवढं अंतर सोडलं तर त्यात तीन गाड्या घुसतील. इथे घुसत नाहीत, निदान बऱ्याचदा नाहीत. उजवीकडून ओव्हरटेक नाही. डाव्या लेनमध्ये रमतगमत जायचं नाही. ओव्हरटेक झाला की परत उजवीकडे.

आणि रेटुंग्सगासे. वाहतूक तुंबायला लागली, गाड्या चालण्याच्या वेगावर आल्या की सर्वांत डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. मधे रुग्णवाहिकेपुरती गल्ली तयार होते. सायरन ऐकू आल्यावर नव्हे, त्याआधीच. मास्तरांबरोबर असताना हे पहिल्यांदा पाहिलं. तीन लेनभर गाड्या, कुणी सांगणारं नाही, आणि एकेक गाडी कडेला सरकत गेली. पाच मिनिटांनी निळा दिवा लावून अग्निशमनची गाडी त्या मोकळ्या पट्ट्यातून सरळ निघून गेली. गल्ली न करणाऱ्याला किमान २०० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी बंद. त्या गल्लीतून स्वतःची गाडी दामटणाऱ्याला २४० युरोंपासून पुढे.

या पॉइंटांबद्दल सांगायला हवं, कारण दंडाची रक्कम बघून नवीन माणूस फसतो. इथल्या पगाराच्या मानाने रकमा काही मोठ्या नाहीत. वस्तीत दहापर्यंत वेग जास्त झाला तर ३० युरो, पंधरापर्यंत ५०, वीसपर्यंत ७०. इथपर्यंत फक्त पैसे. एकविसाव्या किलोमीटरला जिना उंच होतो. ११५ युरो आणि एक पॉइंट. एकतिसाव्याला २६० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर लायसन जमा. गावाबाहेर हेच आकडे सौम्य आहेत, कारण तिथे रस्त्यावर चालणारं माणूस नसतं. हातात फोन धरला, मग सिग्नलला उभे असताना का असेना, पण इंजिन चालू असेल, तर १०० युरो आणि एक पॉइंट. लाल सिग्नल तोडला तर ९० आणि एक. पण दिवा लाल होऊन एक सेकंदाहून जास्त झाला असेल तर २०० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी बंद. झेब्रावर माणसाला जाऊ दिलं नाही तर ८० आणि एक. हे पॉइंट डेन्मार्कच्या सीमेजवळच्या फ्लेन्सबुर्ग नावाच्या गावात, एका केंद्रीय कार्यालयात तुमच्या नावावर जमा होतात. आठ झाले की लायसन रद्द. पैशाने ते पुसले जात नाहीत. श्रीमंत माणसाला ११५ युरो म्हणजे एक जेवण, पॉइंट मात्र त्यालाही तेवढाच जड. मला ही व्यवस्था पटली. चौकात कुणी उभं नसतं, पावती फाडायची की ‘मिटवून टाकायचं’ हा संवाद नसतो, आणि साहेबांच्या ओळखीचाही विषय नसतो.

परीक्षेच्या दिवशी मास्तर शेजारी, परीक्षक मागच्या सीटवर. आधी टायरच्या खाचांची खोली किती हवी ते विचारलं (१.६ मिलिमीटर, याहून कमी चालत नाही), दिवे लावून दाखवायला सांगितले आणि मग पंचावन्न मिनिटांचा कार्यक्रम. सूचना जर्मनमधूनच असतात, पण ‘पुढे डावीकडे’, ‘इथे जागा दिसेल तिथे लावा’ एवढीच जर्मन लागते. गल्ल्या, आउटोबान, दोन गाड्यांच्या मध्ये मागे घेत पार्किंग, मग अचानक ब्रेक मारून दाखवायचा. मी मान इतकी वळवली की संध्याकाळी तिला बाम लावावा लागला. पास झाल्यावर कार्ड हातात दिलं जातं आणि भारतातलं लायसन जमा करून घेतात. भोसरीच्या ट्रॅकवर मिळवलेलं ते लायसन खिडकीपलीकडच्या बाईंनी इतक्या सहज एका फाइलीत घातलं की मला थोडं वाईट वाटलं. नव्या लायसनला दोन वर्षांचा परिवीक्षा काळ असतो, त्यात दारूचा थेंबही चालत नाही आणि चुकांना ज्यादा शिक्षा. पण भारतातल्या लायसनची वर्षं त्यात धरतात, म्हणून मला तो लागला नाही.

दंड प्रत्यक्ष कसा येतो हे कळलं ते नवऱ्यामुळे. गाडी माझ्या नावावर आहे, कारण रजिस्ट्रेशनच्या दिवशी तो परगावी होता. एक दिवस मला पत्र आलं. त्यात मी आरोपी नव्हते, साक्षीदार होते. काळापांढरा फोटो, स्टिअरिंगवर आमचे हे, तोंड किंचित उघडं, बहुधा गाणं म्हणत. शेजारची सीट काळ्या चौकोनाने झाकलेली. तिथे मी होते की नव्हते याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. खाली रस्त्याचं नाव, वेळ, यंत्राचा प्रकार. परवानगी ३०, मोजलेला वेग ५४, यंत्राच्या चुकीपोटी तीन वजा, धरलेला वेग ५१. एकवीस जास्त. एक किलोमीटर कमी असता तर ७० युरोंत भागलं असतं, पॉइंट नाही.

पत्राचा प्रश्न एवढाच होता: फोटोतली व्यक्ती कोण? गाडी बाईच्या नावावर आणि फोटोत दाढीवाला पुरुष, तेव्हा मालकिणीला दंड लावता येत नाही. आपल्याकडे ई-चलन गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर येतं, फोटोत नंबरप्लेट असते. चालवत होता भाचा, मेसेज आला मामाला, आणि मामा लोकअदालतीची वाट बघत बसतो. इथे पार्किंगचं लफडं सोडलं तर जो चालवत होता त्यालाच शिक्षा, म्हणून कॅमेऱ्याला चेहरा लागतो. त्याच पत्रात खाली लिहिलं होतं की फोटोतली व्यक्ती तुमचा पती किंवा जवळचा नातेवाईक असेल तर तुम्ही साक्ष द्यायला नकार देऊ शकता. हे वाचून नवऱ्याचे डोळे चमकले. मी त्याला पुढचं वाचून दाखवलं नाही, कारण ते पत्रात नव्हतंच. मास्तरांनी सांगितलं होतं. नकार दिला तरी कार्यालय गप्प बसत नाही, ओळखपत्राचे फोटो काढून चेहरा जुळवून बघतं. चालक सापडलाच नाही तर त्या गाडीला दर फेरीची नोंदवही ठेवायचा हुकूम निघू शकतो, म्हणजे भाजी आणायला गेलं तरी कोण गेलं, कधी गेलं, कधी परत आलं. ‘मीच होतो, लिहून टाक,’ तो म्हणाला.

मग त्याच्या नावाने म्हणणं मांडायचं पत्र आलं, आणि काही आठवड्यांनी निकाल. ११५ युरो दंड, २५ युरो कार्यालयाची फी, साडेतीन युरो टपालखर्च. एकूण १४३ युरो ५० सेंट. हा एक पॉइंट अडीच वर्षं राहील. आपल्या खात्यावर किती पॉइंट आहेत ते फ्लेन्सबुर्गहून फुकट कळवतात. त्याने ते मागवून खात्री करून घेतली.

सीमा ओलांडली की जिना बदलतो, हे श्टुटगार्टहून दोन तासांवरच्या स्वित्झर्लंडला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं. हायवेवर १२०, आणि काचेवर किंवा गाडीच्या नंबरवर चाळीस फ्रँकचं व्हिन्येट (हायवेचा टोल) नसलं तर दोनशे फ्रँक दंड. वस्तीत अकरा ते पंधरा जास्त झाले तर जर्मनीत ५० युरो, तिथे २५० फ्रँक. पूर्वी लोक ती पत्रं खुशाल कचऱ्यात टाकायचे. १ मे २०२४ पासून दोन्ही देशांत करार लागू आहे. ऐंशी फ्रँक किंवा त्यावरचा स्विस दंड जर्मनीतही वसूल करतात.

नव्याने आलेल्यांना मी गाडीच्या आधी टपालपेटीचं बोलते. घर मिळालं की पेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवा, घरमालकाचं ठेवू नका, आणि सुट्टीवर पुण्याला जाताना कुणाला तरी पेटीची किल्ली द्या. निकालाचं पत्र पिवळ्या पाकिटात येतं आणि त्यावर सही घ्यायला कुणी थांबत नाही. पोस्टमन पाकिटावर पेनने तारीख लिहितो आणि पेटीत टाकतो. त्या क्षणी ते तुम्हाला मिळालं असं कायदा धरतो. आक्षेप घ्यायला तिथून दोन आठवडे. आतला कागद ठेवून पाकीट फेकून देऊ नका, तारीख फक्त पाकिटावर असते.